एकूण दचके बारा

वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावात एका सरकारी कार्यालयातल्या कर्मचाऱ्यांनी 'निर्भय भयपट मंडळ' या नावाचा व्हॉट्सॲप गट स्थापन केला होता. सभासद एकेचाळीस. उद्देश एकच, पाहिलेल्या भुताच्या चित्रपटाबद्दलचं आपलं मत उरलेल्या चाळीस जणांना कळवणे. मत कसं कळवायचं याचा नमुना गटप्रमुख दौलतराव यांनी ठरवून दिला होता. दौलतराव कार्यालयात मुख्य लिपिक होते, त्यामुळे नमुन्यात रकाने होते. चित्रपटाचं नाव, कालावधी, भुतांची संख्या, दचकल्याची संख्या आणि शेरा. चौथ्या रकान्यात आजवर प्रत्येक सभासदाने 'निरंक' असंच लिहिलेलं होतं.

खरी चढाओढ शेऱ्याच्या रकान्यात चाले. तांत्रिक सहायक प्रसेनजितने लिहिलं, की परदेशी भुतं निदान वेळेवर येतात, आपल्या भुतांना शिस्त नाही. आवक-जावक शाखेच्या रत्नमालाताईंनी एक अत्यंत भीषण चित्रपट डाळ निवडता निवडता पाहिला आणि डाळीत एकही खडा राहिला नाही असं प्रमाणित केलं. त्यावर दौलतरावांनी कळवलं, की विहिरीतून बाई वर येते त्या प्रसंगाला आपण पोह्यांची दुसरी प्लेट घेतली आणि नंतर डुलकी लागली. या मताला अडतीस अंगठे मिळाले.

या गटात धनराज राठोड नावाचा कनिष्ठ लिपिक होता. त्याच्यात एकच दोष होता. तो भुताचे चित्रपट खरोखर पाहायचा आणि पाहताना खरोखर घाबरायचा. किंबहुना घाबरायला मिळतं म्हणूनच तो ते पाहायचा. पोट भरावं म्हणून माणसं जेवतात, तितकी ती गोष्ट त्याला सरळ वाटे. पाच महिने तोही इतरांसारखं 'निरंक' लिहीत राहिला. पण एका सोमवारी, आदल्या दिवशी पाहिलेला चित्रपट मनात ताजा असताना, त्याने रकाना खरा भरला. दचके सात. शेरा: कपाटाचं दार तिसऱ्यांदा आपोआप उघडलं तेव्हा मी टीव्ही तसाच सोडून स्वयंपाकघरात बायकोजवळ जाऊन उभा राहिलो. चित्रपट फार चांगला आहे.

चाळीस जणांनी संदेश वाचल्याचं दिसत होतं, उत्तर कोणाचंच नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत दौलतराव डबा न उघडताच धनराजच्या टेबलाशी आले.

"धनराज, टायपिंगची चूक झाली वाट्टे. सात लिवलं तू."

"चूक नाई, भाऊ. सातच होते."

"असतीन. पण लिवाले काहून पायजे? डिलीट करून टाक अन् निरंक लिव."

"जे झालं तेच लिवलं ना भाऊ. पिच्चर पाह्यला, भेव वाटलं."

दौलतराव खुर्ची ओढून बसले. त्यांचा आवाज खाली आला. "तुले समजून नाई राह्यलं. तुले सात वेळा भेव वाटलं, मंग आमाले काहून नाई वाटलं, असा प्रश्न उद्या निंगते. आमी पिच्चर पाह्यलाच नाई काय, असंही कोणी म्हणीन."

धनराजला हा मुद्दा सुचलाच नव्हता. आता सुचला आणि तो दौलतरावांकडे जरा जास्त वेळ पाहत राहिला. तेवढं पुरलं. दुसऱ्या दिवशी त्याला गटावर कारणे दाखवा नोटीस मिळाली. विषय: भय वाटल्याबाबत. संदर्भ: आपला सोमवारचा संदेश. मंडळाच्या नावात 'निर्भय' हा शब्द असताना आपण भय बाळगून सभासदत्व कसं उपभोगलं, याचा खुलासा तीन दिवसांत करावा.

धनराजने खुलासा केला. भय बाळगलं नव्हतं, ते त्या वेळी आलं आणि चित्रपट संपल्यावर गेलं, असं त्याने लिहिलं. खुलासा असमाधानकारक ठरला, कारण आलेल्या आणि गेलेल्या भयाची कुठेही नोंद नव्हती. अखेर प्रत्यक्ष पडताळणी करण्याचं ठरलं. त्रिसदस्यीय समिती नेमली गेली. अध्यक्ष दौलतराव, सदस्य प्रसेनजित, सदस्य-सचिव रत्नमालाताई. शनिवारी कार्यालयाला सुट्टी असते आणि साहेब वाशीमला घरी जातात, म्हणून शनिवारी भर दुपारी, कार्यालयाच्याच सभागृहात, धनराजला एक भयपट दाखवून त्याचे दचके मोजायचे होते.

हे सभागृह म्हणजे एक लांबट खोली. दर गुरुवारी आजूबाजूच्या खेड्यांतले निराधार योजनेचे म्हातारे-म्हाताऱ्या आपण अजून जिवंत असल्याचं दाखवायला तिथे येऊन बसत. सही मिळेपर्यंत दुपार कलायची. छताला ओल होती, पण मागच्या वर्षी त्याची दुरुस्ती पूर्ण झाली होती. तशी पाटीच दारावर होती, आणि पाटीखाली साहेबांची सही.

शनिवारी झाडूवाल्या पंचफुलाबाईंनी सभागृह उघडलं. धनराजचा चेहरा नीट दिसावा म्हणून सगळ्या खिडक्या उघडल्या आणि दिवे लावले. शेजारच्या झेरॉक्सवाल्याला त्रास नको म्हणून आवाज कमी ठेवला. समितीने आपल्या खुर्च्या धनराजकडे तोंड करून मांडल्या, म्हणजेच पडद्याकडे पाठ केली. निरीक्षकाने चित्रपटाकडे पाहिलं तर निरीक्षण कोण करणार, असा अध्यक्षांचा निर्णय होता आणि त्यावर दोन्ही सदस्यांनी तत्काळ सहमती दिली. प्रसेनजितने कोरोनाच्या काळातलं, बोटाला लावून नाडी दाखवणारं यंत्र आणलं होतं. ते धनराजच्या बोटाला लावलं आणि चित्रपट सुरू झाला.

पंचफुलाबाई पडद्याशेजारच्या कोपऱ्यात स्टुलावर बसल्या होत्या. थोड्या वेळाने बाजूने नीट दिसेना म्हणून स्टूल उचलून त्या धनराजच्या शेजारी येऊन बसल्या. पडद्यावर एक पांढरीफटक बाई भिंतीवरून सरपटत होती.

"या बाईले घरचे जेवाले देत नाईत काय?" त्यांनी धनराजला विचारलं.

"ते मेलेली हाय, पंचफुलाबाई."

"मंग बराबर हाय."

पुढच्या क्षणी मेलेली बाई थेट पडद्याच्या तोंडाशी आली आणि धनराज खुर्चीसकट मागे सरकला. रत्नमालाताईंनी वहीत अकरावी रेघ मारली. बाराव्या दचक्याची नोंद होत असतानाच, पंचफुलाबाई आधी जिथे बसल्या होत्या त्या कोपऱ्यात, छताचा परातीएवढा तुकडा दाणकन खाली पडला. धुळीचा लोट उठला. वर गंजलेल्या सळया उघड्या पडल्या आणि त्यांतून आणखी रेती गळू लागली.

समिती ताबडतोब बाहेर पडली. बाहेर पडण्याचा क्रम ज्येष्ठतेनुसार नव्हता. सदस्य-सचिव खिडकीतून गेल्या, आणि दारात अध्यक्ष व सदस्य यांच्यात आधी कोणी जायचं यावर जी झटापट झाली तीत अध्यक्षांची एक चप्पल आत राहिली. धनराजही घाबरला होता. पण तो दीड तास घाबरतच होता, त्यामुळे घाबरलेल्या अंगाने हालचाल कशी करायची हे त्याला जमत होतं. त्याने पंचफुलाबाईंचा दंड धरला, भिंतीच्या कडेकडेने त्यांना बाहेर आणलं आणि मग अध्यक्षांची चप्पल आणायला परत आत गेला.

सोमवारी समितीचा अहवाल गटावर आला. धनराज राठोड, एकूण दचके बारा. समिती, एकूण दचके निरंक. चित्रपटाच्या उत्तरार्धात सदस्य ताजी हवा घेण्यासाठी बाहेर गेले. खाली दौलतरावांनी चित्रपटावर आपलं मतही दिलं होतं: कथा बेताची, भुतं एक, मात्र ध्वनी आणि धूळ यांचा परिणाम वास्तववादी. या मताला एकोणचाळीस अंगठे मिळाले.

धनराजला अहवालाचं फार वाईट वाटलं नाही. त्याला गुरुवार दिसत होता. जो कोपरा पडला तिथेच म्हाताऱ्या पाठ टेकून बसतात, कारण भिंत थंड असते. त्याने दोन ओळींचा अर्ज लिहिला. सभागृहाचं छत पडत आहे, ते तपासावं. तोवर गुरुवारच्या लोकांना व्हरांड्यात बसवावं. खाली सह्यांसाठी त्याने मुद्दाम पुष्कळ जागा सोडली, कारण निर्भय माणसं चाळीस होती.

दौलतरावांनी अर्ज दोनदा वाचला. "मुद्दा बराबर हाय. पण छत पडून राह्यलं म्हणजे दुरुस्ती झालीच नाई असं होते. अन् दुरुस्ती झाली यावर साहेबाची सही हाय. माह्या नोकरीची दोनच वर्षं राह्यली, धनराज."

प्रसेनजित म्हणाला, "माहा परिविक्षा कालावधी चालू हाय. नाईतर पह्यली सही माहीच असती."

रत्नमालाताईंचा रिसोडला बदलीसाठी विनंती अर्ज साहेबांच्याच टेबलावर होता. "तुमी पुढं व्हा," त्या म्हणाल्या. "मी मनानं तुमच्यासंगं हाये."

त्याने अर्जाचा फोटो गटावर टाकला. गटावर कोणी काही बोललं नाही. मात्र संध्याकाळपर्यंत धनराजला खासगीत एकतीस संदेश आले. सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं होतं आणि सगळ्यांनी हा संदेश वाचून पुसून टाकावा अशी विनंती केली होती.

घरी त्याने अर्ज बायकोपुढे ठेवला. निताने तो वाचला आणि त्याच्या हाताकडे पाहिलं. हात थरथरत होता.

"टीवीतलं भूत पाह्यलं तं तुमी मले सोडत नाई," ती म्हणाली, "अन् साहेबाच्या विरोधात सही करून राह्यले? भेव नाई वाटत?"

"वाट्टे ना. लय वाट्टे."

"मंग?"

"मंग काय, वाटू दे. पिच्चर पाहतानाही वाट्टेच."

निताने कागदाखाली पाट सरकवला. "असं खाली घेऊन करा. सही वाचता आली पायजे."

दुसऱ्या दिवशी पंचफुलाबाईंनी विचारलं, "त्या कागदावर मी लिवू शकतो काय? का फक्त साहेब लोकाईनंच लिवा लागते?" त्यांची नेमणूक कंत्राटी होती. सही केली तर काम जाऊ शकतं, हे धनराजने त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि चार माणसांची जागा व्यापेल इतक्या मोठ्या अक्षरात आपलं नाव लिहिलं. रत्नमालाताईंनी अर्जावर आवकचा शिक्का मारला. शिक्क्याला शाई इतकी कमी होती, की तारीख उजेडात धरूनच वाचावी लागे.

बुधवारी साहेबांनी धनराजला बोलावलं. साहेबांचा स्वर अतिशय मायेचा होता. त्यांच्यापुढे अर्ज नव्हता, समितीचा अहवाल होता. छापून घेतलेला.

"राठोड, तुम्हाला त्रास होतो असं ऐकलं. दीड तासात बारा वेळा."

"ते पिच्चर पाहून, सर."

"तेच म्हणतोय. जो माणूस बंद कपाटाला घाबरतो, त्याला छत पडताना दिसलं तर नवल नाही. त्याच वेळी त्याच खोलीत तीन जबाबदार कर्मचारी हजर होते. त्यांना काही दिसलं नाही. निरंक आहे."

"सर, त्याइच्या पाठी होत्या तिकडं."

"म्हणजे त्यांचं लक्ष विचलित झालेलं नव्हतं," साहेब म्हणाले. मग त्यांनी धनराजला पाणी दिलं आणि प्रकृतीच्या कारणास्तव त्याची कामरगावला बदली केल्याचा आदेश दिला. तिथलं कार्यालय पत्र्याचं आहे, त्यामुळे छताची चिंता उरणार नाही, असंही ते म्हणाले. पंचफुलाबाईंना उद्यापासून येऊ नका, एवढंच सांगण्यात आलं. त्यासाठी आदेशाची गरज नव्हती.

अर्जाची दखल घेतली गेली नाही असं मात्र म्हणता येणार नाही. साहेबांची केबिन सभागृहाला लागून त्याच छताखाली होती. ती त्याच संध्याकाळी इमारतीच्या दुसऱ्या टोकाला हलवण्यात आली. सभागृहातला ढिगारा उचलला गेला आणि भिंतीवर नवी सूचना लागली: येथे बसणाऱ्यांनी वर पाहू नये. भीती वाटण्याची शक्यता आहे. गुरुवारी नेहमीप्रमाणे म्हातारी माणसं आली, सूचना वाचता येणाऱ्या एकाने ती बाकीच्यांना वाचून दाखवली, आणि सगळे जण जिवंत असल्याची सही मिळेपर्यंत खाली मान घालून बसून राहिले.

निर्भय भयपट मंडळ व्यवस्थित चालू आहे. सभासद आता चाळीस आहेत आणि चौथा रकाना अनावश्यक ठरल्याने नमुन्यातून वगळला आहे. धनराज कामरगावला रुळला. रविवारी चित्रपट पाहतो, दचकतो, आणि किती वेळा ते निताला सांगतो. पंचफुलाबाई रोजाने सोयाबीनच्या निंदणाला जातात.

अर्जाची एक प्रत धनराजने ठेवून घेतली आहे. ती कामरगावला त्याच्या टेबलाच्या काचेखाली आहे. तिच्यावर दोन नावं आहेत आणि खाली बरीच जागा कोरी आहे. आपण इथवर वाचलंत, दौलतरावांना आणि त्यांच्या समितीला मनमोकळं हसलात, तेव्हा आपली सही कोणत्या बाजूची हे उघडच आहे. नाव सुवाच्य अक्षरात लिहावं. आधी साहेबांचं नाव काय ते विचारून घ्यायचं असेल, तर घाई नाही. गुरुवार दर आठवड्याला येतो.