चिमुतो

दाताच्या डॉक्टरनं तोंडात आरसा, नळी आणि दोन बोटं घातलेली असताना निंजा अण्णांनी त्याला विचारलं, "उआआ इइय?"

डॉक्टर घाबरला. दुखतंय का, म्हणाला. अण्णांनी मान हलवली आणि पुन्हा तेच, अजून जोरात. शेवटी कोपऱ्यात बसलेल्या त्यांच्या बायकोनं, सरोजअक्कांनी, मांडीवर पर्स आपटून उलगडा केला, "कुणाचा शिष्य, असं विचारतायत. सांगून टाका डॉक्टर, नाहीतर तोंड मिटायचे नाहीत."

हा प्रश्न अण्णा सगळ्यांना विचारतात. डोसा घालणाऱ्याला, शिंप्याला, नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाला. उत्तर मिळालं की लगेच दुसरा प्रश्न, "आणि त्यांचे गुरू?" बहुतेक माणसं दुसऱ्या पिढीलाच गार होतात. एका इलेक्ट्रिशियननं छाती काढून सांगितलं, "कुणाचाच नाही, मोबाइलवर बघून शिकलो." अण्णांनी त्याला पंखा लावू दिला. पण त्या पंख्याखाली ते आजही बसत नाहीत.

अण्णांचं खरं नाव हनुमंतराव. त्यांचं घराणं साडेतीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर दक्षिणेत उतरलं आणि परत जायचं विसरलं, असं ते स्वतःच सांगतात. त्यामुळे त्यांच्या मराठीत 'स्वल्प' थांबायचं असतं, पटलं की 'सरी' म्हणायचं असतं, आणि वाद नको असला की 'बिडम्मा', म्हणजे सोड गं बाई. टेलिफोन खात्यातून ते निवृत्त झाले. बंगळूरच्या जे. पी. नगरात त्यांचं दुमजली घर आहे आणि घराच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी, 'बाबुसान निंजुत्सू शाळा' आहे. खालच्या मजल्यावरच्या मागच्या खोलीत भाड्यानं मी राहते.

मी निपाणीची. वडील बिडी कामगारांची पत्रकं लिहायचे, आई ती घडी घालायची. मी बाराखडी त्या पत्रकांवरच शिकले. माझा 'क' कमळाचा नाही, कामगारांचा! आता व्हाइटफील्डच्या एका कंपनीत संगणकाशी बोलते, पण कुठं खोटं दिसलं की हात अजून कागदाकडे जातो. अशा मुलीला घरमालक म्हणून निंजा मिळावा, ही नियतीची खोडीच म्हणायची.

निंजा म्हणजे जुन्या जपानातला हेर, दबक्या पावलांचा, सावलीसारखा माणूस. अण्णा दारावरची बेल कधीच वाजवत नाहीत. ते आवाज न करता मागे येऊन उभे राहतात, आणि आपण दचकायच्या आत त्यांचे गुडघे 'टक्' करतात. "बाकी सगळं अंग परंपरेत आहे," ते म्हणतात, "गुडघ्यांनीच पंथ सोडला." सरोजअक्कांचं मत आणखी कडक आहे. "तीस वर्षं अदृश्य व्हायची विद्या शिकवतायत. मला अनुभव एकाच वेळी येतो. बाजारात जायची पिशवी हातात घेतली की."

आता या निंजांच्या विद्येतली, म्हणजे निंजुत्सूतली, भानगड सांगते. जगभरच्या निंजुत्सू शाळांत एकच भांडण पेटलेलं असतं: तुमची परंपरा खरी की बनवलेली? एक म्हणतो, अमक्या पिढीचा वारस मीच. दुसरा म्हणतो, तुमच्या जुन्या पोथीचा कागद नवा आहे. तिसरा म्हणतो, हे सगळं गेल्या शतकात कुणीतरी घरी बसून रचलंय, जुने निंजा कुणी पाहिलेत? आणि हे भांडण जपानमध्ये राहील तर शपथ! ते बंगळुरात आलं, आणि फ्लायओव्हरखालच्या गर्दीतून वाट काढत आमच्या गच्चीपर्यंत पोचलं.

अण्णा या भांडणात प्राणपणानं उतरायचे. शहरातल्या प्रत्येक शाळेची कुळी त्यांना पाठ. "तो राजाजीनगरचा? कराटेत नापास झाला, निंजुत्सूत पास झाला. तो कोरमंगलाचा? त्याचा गुरू कोण, तर दहा दिवसांचं शिबिर. शिबिर कधी गुरू असतं का गं?" सगळ्यांचं वस्त्रहरण. फक्त व्हाइटफील्डच्या चेतनचं नाव निघालं की गाडी थांबायची. हा चेतन म्हणजे या धंद्यातलं सर्वात मोठं प्रस्थ: काचेच्या भिंतींची अकादमी, भिंतीवर जपानी शिक्क्यांची चौकट, नावामागे 'शिहान', म्हणजे महागुरू. त्याच्याबद्दल अण्णा एवढंच म्हणायचे, "तोल चांगला आहे त्याचा." आणि सरोजअक्का उठून आत जायच्या.

मी उत्सुकतेपोटी एक दिवस गच्चीवर गेले. काळ्या कपड्यांतली पोरं रांगेत उभी होती. प्रत्येक जण चटईवर जाण्याआधी वाकायचा, चटईवरून काहीतरी चिमटीत उचलल्यासारखं करायचा, कपाळाला लावायचा, मग दोन्ही तळव्यांत चोळायचा; चटईवर पाय टाकायचा तोही डावाच आधी. "चिमुतो!" अण्णा ओरडायचे. चटई प्लास्टिकची. उचलायला तिथं कबुतराच्या पिसाशिवाय काही नव्हतं.

मग त्यांनी एका धष्टपुष्ट पोराला खाली वाकून, खांद्यावर आडवा घेऊन, अलगद पलीकडे टाकला. "कराजांगु!"

तो डाव माझ्या ओळखीचा होता. माझे मामा तालमीतले. माझं अर्धं लहानपण कुस्तीच्या हौद्याच्या काठावर, लाल मातीत बरबटून गेलंय.

"अण्णा," मी म्हणाले, "हा तर कुस्तीतला कलाजंग आहे!"

"स्वल्प हळू."

"आणि मघाशी ते 'मोरि' केलंत, ती मोळी! 'एकुचाकु' म्हणजे एकचाक! आणि चिमुतो... अण्णा, चिमूट! मातीची चिमूट!"

अण्णांनी पोरांना टाकीभोवती पळायला पाठवलं आणि माझ्या शेजारी कठड्याला टेकले. गुडघे टक् झाले.

"बाबुसान म्हणजे बाबू वस्ताद," ते म्हणाले. "तुमच्याच चिकोडीकडचे. इथं तालीम होती त्यांची. मग सगळ्या पोरांना कराटेचं वेड लागलं. मातीत कोण लोळणार? तालीम ओस. वस्तादांनी एका रात्रीत लंगोट काढून काळी विजार चढवली. प्रत्येक डावाला मागून शेपूट लावलं. शेपूट लावलं की जपानी. पोरं परत आली की! मीही त्यातलाच."

"तुम्हाला कधी कळलं?"

"दुसऱ्याच वर्षी. पण मला कळलंय हे वस्तादांना शेवटपर्यंत कळू दिलं नाही." ते हसले. "बिचाऱ्यांनी किती मेहनतीनं शेपटं जोडली होती."

"आणि तीस वर्षं लोकांना जपान जपान सांगताय?"

"एकदाही नाही! लोक विचारतात, बाबुसान कुठले? मी म्हणतो, फार लांबून आले होते. चिकोडी काय जवळ आहे?"

माझ्यातली पत्रकवाली खवळून उठली होती, पण तिला नेमकं कुणाविरुद्ध घोषणा द्यायची ते सुचेना.

ते महिनाभरात सुचलं. चेतनच्या पुढाकारानं शहरातल्या शाळांचा संघ झाला आणि संघानं 'परंपरा पडताळणी परिषद' बोलावली. मल्लेश्वरमच्या एका सभागृहात, रविवारी सकाळी. प्रत्येक शाळेनं आपल्या गुरूची आणि गुरूच्या गुरूची नावं उभं राहून सांगायची. ज्याची परंपरा सिद्ध होणार नाही, त्याची पोरं स्पर्धेला येऊ शकणार नाहीत आणि त्यानं पाटीवरून 'निंजुत्सू' शब्द काढायचा. अण्णांना आलेल्या निरोपात खाली एक ओळ जास्त होती: 'बाबुसान नावाची व्यक्ती जपानमधल्या कोणत्याही परंपरेत आढळत नाही.'

अण्णा दोन दिवस खरोखरच अदृश्य झाले. पिशवी न दाखवताच! सरोजअक्कांनी चित्रान्न, म्हणजे लिंबाचा फोडणीभात, गच्चीवर नेऊन दिलं, ते तसंच परत आलं.

"काय सांगू तिथं?" तिसऱ्या दिवशी त्यांनी मला विचारलं. "खरं सांगितलं तर भरल्या सभेत लोक वस्तादांना हसतील. आयुष्यभर जे झाकलं तेच मी उघडं करायचं? आणि खोटं, लांबलचक जपानी नाव घेतलं तर शाळा वाचेल. पण मग वस्ताद कुठं राहिले?"

"अण्णा, नाव लपवून परंपरा चालत नाही, चोरी चालते!" मी पेटले. "सगळ्यांची परंपरा कुठं ना कुठं कुणीतरी जोडलेलीच असते. तुमच्या जोडणाऱ्याचं नाव तरी तुम्हाला ठाऊक आहे! ताठ उभं राहून ते घ्या!"

"सरी," ते म्हणाले. फार हळू.

मी त्याच संध्याकाळी पत्रक लिहिलं. मथळा: 'परंपरा कुणाच्या बापाची?' मराठीत एक, कन्नडात एक. गठ्ठा पोटाशी धरून रविवारी अण्णांबरोबर मेट्रोत बसले. अण्णांनी काळा निंजा पोशाख घातला होता आणि खांद्यावर अक्कांनी दिलेली डब्याची पिशवी होती. समोरच्या बाकावरचं एक लहान पोर त्यांच्याकडे टक लावून बघत होतं. अण्णांनी वाकून विचारलं, "कुणाचा शिष्य?" पोर म्हणालं, "मम्मी." अण्णा खूश. "बघ, हा पास!"

सभागृहात एकेक जण उठत होता. काय ती नावं! तीन-तीन ओळींची, प्रत्येकाच्या शेवटी टाळ्या. चेतन मंचावर बसून लॅपटॉपमध्ये नोंद करत होता. चाळिशीचा, उंच, देखणा माणूस. अण्णांचं नाव पुकारलं तेव्हा त्यानं मान वर केली नाही.

अण्णा उभे राहिले. गुडघे टक्. सभागृहात खसखस.

"माझे गुरू बाबू वस्ताद," ते कन्नडात म्हणाले, एकदम खणखणीत. "चिकोडीचे. त्यांचे गुरू तिथल्याच तालमीतले मल्लू वस्ताद. विद्या मातीतली. जपान मी पाहिलं नाही, त्यांनीही पाहिलं नाही. त्यांनी मला कधी पडू दिलं नाही, आणि पडलो तर लागू दिलं नाही."

हशा उसळला. मागून कुणीतरी ओरडलं, "धोतुजुत्सू!" मी उठायला गेले. चेतन हसला नव्हता. लॅपटॉपकडे बघतच तो म्हणाला, "नियम सगळ्यांना सारखा. शब्द काढावा लागेल."

"सरी," म्हणून अण्णा खाली बसले. जणू वाण्यानं साखर संपलीय म्हणून सांगितलं होतं.

शेवटी प्रात्यक्षिक होतं. अस्सल विद्या कशी असते ते चेतन दाखवणार. मंचासमोर परदेशी रबराची मॅट अंथरली होती, निळी, गुळगुळीत, नुकती पुसलेली. त्यानं आधी जपानी पद्धतीनं नीट वाकून नमस्कार केला. टाळ्या पडल्या. समोर एक आडदांड सहकारी तयार झाला. चेतननं पाऊल मॅटवर टाकलं, आणि टाकता टाकता त्याचा उजवा हात आपोआप खाली गेला. चिमटीत काहीतरी उचललं. कपाळाला लावलं. दोन्ही तळवे चोळले.

रबरावरची माती!

कुणाच्या लक्षात आलं नाही. लोकांना वाटलं, मॅट तपासली. पण मी हौद्याच्या काठावर वाढलेय, आणि या शहरात ती चिमूट एकाच गच्चीवर मिळते! त्यानं समोरच्याला खांद्यावर आडवा घेतला आणि अलगद पलीकडे टाकला. कुठलंसं लांब नाव घेतलं त्यानं त्या डावाचं. मला दिसला तो कलाजंग, आमच्या पाण्याच्या टाकीशेजारचा. डाव संपल्यावर चेतननं क्षणभर आपल्याच बोटांकडे पाहिलं. मग आमच्या रांगेकडे. मग पटकन दुसरीकडे.

मी गठ्ठा घेऊन उठले. तोंड उघडलं. पहिली घोषणा ओठांवर होती!

माझं मनगट कुणीतरी पकडलं. दुखत नव्हतं, पण हलताही येत नव्हतं. एकुचाकु की मोरि, देव जाणे.

"बिडम्मा," अण्णा म्हणाले. "बस."

बाहेर कोपऱ्यावरच्या कॉफीच्या गाडीपाशी आम्ही उभे राहिलो. मी माझा पेला तसाच गाडीवर आपटला.

"तो तुमचा शिष्य होता!"

"होता?" अण्णांनी कॉफी फुंकली. "शाळेत असताना यायचा. दोन वर्षं. शिकवणी संपली की जेवूनच जायचा. अक्काचं चित्रान्न त्याला फार आवडायचं. मग मोठा झाला, लांब गेला, मोठ्या लोकांकडे शिकला. चांगलं शिकला."

"आणि आज त्यानं तुम्हालाच बाद केलं! अण्णा, तुम्ही दाताच्या डॉक्टरला विचारता, मेट्रोतल्या पोराला विचारता. त्याला का नाही विचारलंत? तिथंच, सगळ्यांसमोर? कुणाचा शिष्य?"

अण्णांनी पेल्यातली कॉफी संपवली. बसेस गेल्या. कॉफीवाल्यानं दोनदा फडका मारला.

"विचारलं असतं," ते म्हणाले, "तर त्याला खोटं बोलावं लागलं असतं. गुरूसमोर."

मी गठ्ठा खाली, फूटपाथवर ठेवला. अण्णांनी त्यातलं वरचं पत्रक उचललं, चष्मा लावून वाचलं, 'छान आहे' म्हणाले, आणि घडी करून खिशात ठेवलं. मग वळून त्यांनी कॉफीवाल्याला विचारलं, "असं डिकॉक्शन कुणाकडून शिकलास रे?"

"वडिलांकडून, सर."

"आणि ते?"

तो सांगू लागला. पण अण्णांचं लक्ष नव्हतं. रिकाम्या पेल्याच्या काठावरून त्यांचा उजवा हात खाली आला होता आणि दोन बोटं आपोआप एकमेकांना घासत होती.

"पायही डावाच आधी टाकला त्यानं," ते म्हणाले. "विसरला नाही गं पोरगा."