शिट्टी घरी राहिली

तुम्हाला म्हणून सांगतो, आमच्या लेकीच्या शाळेचे नियम माझ्याइतके एकाही पालकाला ठाऊक नाहीत! सहावी ते आठवीच्या पालकांची वर्षाच्या सुरुवातीला सभा झाली, तेव्हा निम्मे पालक पेंगत होते आणि उरलेले मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसले होते. मी मात्र पहिल्या रांगेत, कान टवकारून! मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, एकेक नियम सांगत होत्या आणि मी मान डोलवत होतो. घरी येऊन बायकोला सगळे नियम घडाघडा म्हणून दाखवले.

"पाठ केलेस. आता पाळ म्हणजे झालं," ती म्हणाली.

त्यातला एक नियम मात्र माझ्या घशाखाली उतरला नव्हता. मुलांनी घरी विसरलेली वस्तू पालकांनी शाळेत आणून द्यायची नाही! "विसरलं, तर मूल स्वतः मार्ग काढेल," असं मोठ्या बाई ठासून म्हणाल्या होत्या. कुणी आणून दिलीच, तर त्या मुलाचं त्या दिवशीचं काम दुसऱ्याकडे जाणार. आता सांगा, मग बाप कशासाठी असतो?

परवा लेक शाळेत गेली आणि बघतो तर काय, जेवणाच्या टेबलावर निळ्या दोरीची शिट्टी! त्या दिवशी शाळेत संकटकाळाची कवायत होती. शिट्टी वाजली की सगळी शाळा शिस्तीत इमारतीबाहेर काढायची. आणि तिथे ही कवायत शिक्षक घेत नाहीत, मुलंच घेतात! यंदा पुढारीपण आमच्या सातवीतल्या लेकीकडे आलं होतं. आठवडाभर ती आरशासमोर हात उंचावून उभी राहत होती. शिट्टी नेऊन दिली तर तिचं काम जाणार, नाही दिली तर अख्ख्या शाळेसमोर पोरीची फजिती. इकडे आड, तिकडे विहीर!

"जाऊ नकोस. ती बघून घेईल," बायको म्हणाली.

"अगं, लहान आहे ती!"

"आणि तू?"

तोवर मला कल्पना सुचली होती. मी लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत सुपरवायझर आहे, हे सांगायचं राहिलंच. शाळेची लिफ्ट आमच्याच कंपनीकडे आहे. ती अधूनमधून अडकते, ही तक्रार माझ्याच टेबलावर धूळ खात पडली होती. मग काय! कंपनीचा गणवेश चढवला, टोपी पुढे ओढली, हत्यारांची पिशवी उचलली आणि शिट्टी खिशात टाकली. पालक म्हणून जायचंच नाही, मेकॅनिक म्हणून जायचं. लिफ्ट बघितल्यासारखं करायचं आणि जाता जाता शिट्टी लेकीच्या दप्तरात सरकवायची.

फाटकाशी वॉचमनकाकांनी मोबाइल मागितला. शाळेत येणाऱ्या प्रत्येकाने तिथल्या लाकडी खणात मोबाइल ठेवायचा, हाही नियम मला पाठ. मी ऐटीत ठेवला आणि आत शिरलो. चार पावलं टाकली नाहीत तोच समोर मोठ्या बाई!

"लिफ्टवाले ना? आलात एकदाचे! चला, माझ्यासमोरच बघा."

आता आली का पंचाईत? मी लिफ्टमध्ये शिरून दोन बटणं दाबली, एक स्क्रू उगाचच पिळला आणि म्हणालो, "झालं!"

"इतक्यात? मग मला वरच्या मजल्यावर सोडूनच दाखवा."

नाही कुठल्या तोंडाने म्हणणार? आम्ही निघालो. लिफ्टने पहिला मजला ओलांडला, एक आचका दिला आणि मध्येच ठप्प! एक पिवळा दिवा तेवढा मिणमिणत राहिला.

"घाबरू नका, होतं असं," मी म्हणालो.

"ते मला माहीत आहे. म्हणूनच तक्रार केली होती."

मी धोक्याची घंटा दाबली. ती मुकी! दारावर थापा मारल्या, हाका मारल्या. पण वर गाण्याचा तास अगदी रंगात आला होता, आम्हाला कोण विचारतो?

"मोबाइल?" मी विचारलं.

"फाटकाशी. तो नियम मीच केलाय," बाईंनी सुस्कारा सोडला. "आवाज करणारं दुसरं काही आहे का तुमच्याकडे?"

त्या क्षणी माझी अक्कल चरायला गेली होती. मी खिशातून शिट्टी काढली आणि गाल फाटतील इतक्या जोराने फुंकली. चांगली लांबलचक!

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. "अहो, काय केलंत? लांब शिट्टी म्हणजे शाळा रिकामी करायची खूण!"

हा नियमही मला पाठ होता. आठवला मात्र फुंकून झाल्यावर!

वरचं गाणं तुटलं. बाकं सरकली. मी डोळे गच्च मिटले. आता पोरं जिन्यावरून धावणार, एकमेकांच्या अंगावर पडणार, आणि या सगळ्याला जबाबदार कोण? मी!

पण ओरडा झालाच नाही. एक टाळी ऐकू आली. पाठोपाठ एक आवाज आला, "डावी रांग आधी. एक हात भिंतीला. कुणी धावायचं नाही." मग दोन टाळ्या, आणि शेकडो पावलं एका लयीत जिना उतरू लागली. पुन्हा एक टाळी, पावलं थांबली. "लहान वर्गांना पुढे जाऊ द्या." दोन टाळ्या, पावलं निघाली. कुठे आदळआपट नाही, रडारड नाही. आमच्या लिफ्टच्या भिंतीपलीकडून सगळी शाळा नदीसारखी वाहत गेली.

तो आवाज आमच्या लेकीचा होता! जिला घरी पंखा बंद करायला दहादा सांगावं लागतं, तिच्या एका टाळीवर अख्खी शाळा चालत होती. ठरलेली वेळ नाही, हातात शिट्टी नाही, मोठ्या बाईंचा पत्ता नाही, तरी आवाज जराही कापत नव्हता. खरं सांगतो, इतका थक्क मी जन्मात झालो नव्हतो.

"ऐकलंत?" बाई कुजबुजल्या. त्याही भारावल्या होत्या.

मग सगळं सामसूम झालं. आम्ही दोघं सोडून शाळा रिकामी!

"आता कुणीतरी बघायला येईल," मी म्हणालो.

"नाही येणार. बाहेर पडलेल्याने परत आत यायचं नाही, हाही नियम मीच केलाय." मग त्यांची नजर माझ्या हाताकडे गेली. "निळी दोरी. ही तर आमच्या पुढारी मुलीची शिट्टी!"

मी टोपी काढली. "बाई, मी तिचा बाप. मला हवी ती शिक्षा करा, पण तिचं काम काढून घेऊ नका. आत्ता ऐकलंत ना तुम्ही?"

बाईंनी एकदा शिट्टीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

बाहेर काय घडलं, ते वॉचमनकाकांनी मला नंतर सांगितलं. लेकीने पटांगणात प्रत्येक वर्गाची हजेरी घेतली, तेव्हा मोठ्या बाई नाहीत! त्या लिफ्टवाल्याबरोबर गेल्याचं कळल्यावर ती आत धावली नाही. वॉचमनकाकांच्या खोलीत गेली आणि तिथल्या फोनवरून तिला पाठ असलेला लिफ्टवाल्याचा एकमेव नंबर लावला. म्हणजे माझा! तर शेजारच्याच खणातून कोंबडा आरवला. ही माझ्या मोबाइलची रिंग. लेकीने त्या खणाकडे पाहिलं, कपाळाला हात लावला आणि शांतपणे म्हणाली, "काका, आत मोठ्या बाई आणि माझे बाबा आहेत. तुमच्या वहीतून कंपनीच्या ऑफिसचा नंबर द्या, मी फोन लावते."

थोड्या वेळाने माझ्याच हाताखालच्या मेकॅनिकने लिफ्टचं दार उघडलं. "साहेब, तुम्ही? अहो, ती तक्रार तर तुमच्याच टेबलावर..."

"बोलू नकोस. हात दे!"

पटांगणात सगळी शाळा रांगेत उभी होती. लेक पुढे आली. "बाई, सगळी मुलं सुखरूप आहेत. आणि हे माझे बाबा. माझी शिट्टी घेऊनच आले असणार." तिने बाईंकडे सरळ पाहिलं. "नियमाप्रमाणे माझं काम दुसऱ्या कुणाला द्या."

हे धाडस हिने कुणाकडून घेतलं? माझ्याकडून नक्कीच नाही!

"शिट्टी तुझ्या हातात आली का?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"मग आणून दिली असं कसं म्हणायचं? ती तर यांच्या तोंडात होती! काम तुझंच राहील. शिक्षा यांना."

शाळा खो खो हसली. बाई माझ्याकडे वळल्या. "शिट्टी विसरल्याचं ती सकाळीच सांगून गेली होती. टाळ्यांवर चालवीन म्हणाली. फक्त बाबांना कळू देऊ नका, ते घेऊन येतील, असंही म्हणाली."

नियम मोडणाऱ्यांसाठी तिथे विचारकक्ष आहे. शाळा सुटेपर्यंत गप्प बसून आपण काय केलं याचा विचार करायचा. सहावीच्या बाकात गुडघे कोंबून मी बसलो. शेजारचा मुलगा हळूच म्हणाला, "मी खडू फेकला. तुम्ही?"

"शाळा रिकामी केली."

त्याने माझ्याकडे अशा आदराने पाहिलं, की कंपनीत माझ्याकडे तसं आजवर कुणी पाहिलेलं नाही!

पण आदराने पोट भरत नाही. मधल्या सुट्टीत सगळ्यांचे डबे उघडले आणि माझ्या लक्षात आलं, शिट्टी उचलायच्या नादात माझा डबा टेबलावरच राहिला होता! परवानगी काढून मी शाळेच्या ऑफिसातून घरी फोन लावला.

"दिसतोय मला डबा," बायको म्हणाली.

"जरा आणून देतेस?"

"विसरलं, तर मूल स्वतः मार्ग काढेल," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.