तिसऱ्या तारेवरचा चौथा सूर

वजनमापे खात्यातून निवृत्त झालेल्या निरीक्षकसाहेबांनी आयुष्यभर दुकानदारांचे तराजू तपासले होते. त्यामुळे गिटार हातात आल्यावर पहिल्याच दिवशी त्यांनी तिची एक तार मापात मारलेली पकडली.

गिटार मुलीनं दिली होती. आई जाऊन चार महिने झाले तरी बाबा तिच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बसतात, हे तिला बघवत नव्हतं. शेजारच्या इमारतीतली गिटारची बाई शिकवायला येऊ लागली आणि तिनं क्रोमॅटिक स्केल घेतली.

"गाणं नंतर, काका. आधी बाराही सूर ओळीनं, एकही न गाळता. जिना चढायचा, बस्स. मोकळी तार, मग एक, दोन, तीन, चार पडदे, मग पुढची तार. फक्त तिसऱ्या तारेवर तीनच पडदे."

"का? तिनं कुणाचं घोडं मारलंय?"

"तिच्या चौथ्या पडद्यावरचा सूर पुढच्या मोकळ्या तारेवर आहेच. एकच सूर दोनदा वाजेल."

"वाजू दे. बाकी पाचजणींना चार आणि हिला तीन, असलं माप माझ्या हातून होणार नाही."

बाईनं समजावून पाहिलं, चिडून पाहिलं, शेवटी नाद सोडला. रोज दुपारी चारला साहेब खिडकीशी बसत आणि जाड तारेपासून वर चढू लागत. तिसऱ्या तारेच्या टोकाशी तोच सूर दोनदा उमटे, मग पुढची वाट. यातून त्यांना आनंद वगैरे काही होत नव्हता, पण तेवढा अर्धा तास ते खुर्चीकडे बघत नसत.

महिन्याभरात खालच्या मजल्यावरच्या नर्सबाईंनी इमारतीच्या सेक्रेटरीकडे लेखी तक्रार दिली. तीस वर्षं वॉर्ड सांभाळलेली बाई, तिच्यापुढे डॉक्टरही हळू बोलत. साहेबांनी खिडक्या लावून घेतल्या. दुसरी तक्रार आली. त्यांनी गिटारच्या पोटात जुना टॉवेल कोंबला. तिसरी आली. शेवटी ते स्टूल घेऊन बाथरूममध्ये जाऊन बसले आणि तिथल्या झरोक्यातून ती स्केल एका दमात पाचही मजल्यांवर पोचली.

"कडी लावून बसतात म्हणे आत," जिन्यात शेजाऱ्यांची कुजबुज सुरू झाली.

"रोज तेच, आणि रोज एकाच जागी अडकतात."

"खचले हो बिचारे."

सेक्रेटरीनं मुलीला फोन केला. रविवारी ती मोठी रिकामी बॅग घेऊन हजर झाली. "बाबा, माझ्याकडे चला. हे घर बंद करू या."

बायकोची खुर्ची इथं होती, तिनं चढलेला जिना इथं होता. मुलीच्या इमारतीत लिफ्ट होती.

"आठ दिवस दे मला. पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर बिनचूक वाजवतो. चुकलो तर खुशाल बॅग भर."

आठ दिवस त्यांनी निमूटपणे गिटारच्या बाईचं ऐकलं. तिसऱ्या तारेवर करंगळी आपोआप चौथ्या पडद्याकडे सरके, ते ती दातओठ खात मागे घेत. एवढी तडजोड त्यांनी नोकरीत कधी केली नव्हती.

रविवारी सेक्रेटरी आला, गिटारची बाई आली, नर्सबाई दाराशी उभ्या राहिल्या. मुलगी बॅगेजवळ बसली होती. साहेबांनी खालपासून वरपर्यंत वाजवलं, कुठेही न अडखळता. गिटारची बाई टाळ्या वाजवणार, तोच नर्सबाई म्हणाल्या, "हे नाही."

"अहो, तुमचीच तर तक्रार होती!" सेक्रेटरी म्हणाला.

"होती." नर्सबाई आत आल्या आणि इतके महिने कुणीच बसलं नव्हतं त्या खुर्चीवर बसल्या. "वहिनींचा गुडघा दुखायचा. जिना चढताना माझ्या दारासमोरच्या पायरीवर दोन्ही पाय टेकून थांबायच्या, मग पुढची पायरी. मी आतूनच ओळखायचे आणि चहाचं आधण ठेवायचे. तुमचं ते वाजलं की माझा हात भांड्याकडे जायचा. सोसवेना, म्हणून तक्रार केली. आता आठ दिवस वहिनी थांबतच नाहीत, सरळ निघून जातात. हे तर त्याहून सोसवत नाही."

साहेबांना हे कधी सुचलंच नव्हतं. ते बापडे फक्त तारेचं माप भरत होते. आता मात्र त्यांना रडू आलं, अगदी सगळ्यांदेखत. डोळे तसेच ठेवून त्यांनी पुन्हा जाड तारेपासून सुरुवात केली आणि तिसऱ्या तारेवर करंगळीला अडवलं नाही. तोच सूर दोनदा वाजला. मुलगी सवयीनं आईला दार उघडायला म्हणून उठली आणि दोन पावलांवर तशीच उभी राहिली.

संध्याकाळी ती बॅग रिकामीच परत घेऊन गेली.

मंगळवारी साहेबांची दाढ ठणकत होती, म्हणून त्यांनी गिटार काढली नाही. बुधवारी सकाळी सेक्रेटरी कपाळाला हात लावून कागद घेऊन आला. नर्सबाईंची चौथी तक्रार: काल दुपारी चारला काहीही वाजलं नाही. आधीच ठेवलेला दोन कप चहा फुकट गेला.

साहेबांनी ती दोनदा वाचली, खिशातलं पेन काढलं आणि नोकरीतल्या सवयीनं खाली शेरा मारला, "तक्रार रास्त आहे."