तिसऱ्या फाटकापासून डावीकडे

जंगलात झोपायचे पैसे मोजणारा माणूस वेंडल प्रुइटच्या लेखी माणसात जमा नव्हता. आखून दिलेली जागा, नळ, संडास, शेजारच्या तंबूत रात्रभर भुंकणारं कुत्रं, आणि सकाळी पावती तपासायला येणारा गणवेशातला पोरगा, याला तो 'झाडं लावलेली चाळ' म्हणायचा. सरकारी जंगल डोंगरामागून डोंगर पसरलंय, त्यात कुठेही तंबू ठोका, दोन आठवडे खुशाल पडून राहा, कोणाचा बाप विचारत नाही. मग पैसे कशाचे द्यायचे? हे भाषण टायर बदलायला आलेल्या प्रत्येक गिऱ्हाईकाला ऐकावं लागायचं, कारण गाडी वर उचललेली असायची आणि पळून जायची सोय नसायची.

अमेरिकेतल्या आयडाहोतलं हॅकमन्स फोर्ड हे गावच तसं. तिथे प्रत्येक घराची जंगलात एक गुप्त जागा असते. ती विचारणं म्हणजे एखाद्या बाईला वय विचारण्यासारखं. पण विचारतात सगळेच. आणि 'नाही सांगत' असं तोंडावर म्हणणं उद्धटपणाचं, म्हणून रीतसर थाप मारायची. विचारणाऱ्यालाही माहीत असतं की थाप आहे. तरी तो एकदा जाऊन बघतोच.

वेंडलची थाप ठरलेली होती. "जंगलाच्या रस्त्यावर तिसरं फाटक लागलं की डावीकडे वळ," तो गंभीर चेहऱ्याने सांगायचा. "स्वर्ग आहे स्वर्ग. कोणाला बोलू नकोस."

त्याची स्वतःची जागा होती तिसऱ्या फाटकापासून उजवीकडे. ती त्याला त्याच्या वडिलांनी, म्हणजे रॉस प्रुइट यांनी दाखवली होती. म्हातारा कमी बोलायचा, पण त्या दिवशी पोराला खांद्याला धरून बजावलं होतं की डावीकडे चुकूनही फिरकू नकोस. टेकडीपलीकडे दलदल आहे, जळवा आहेत, खुळखुळ्या साप आहेत, माझा एक बूट अजून त्या चिखलात आहे. वेंडलने हे इतकं मनावर घेतलं की पन्नाशी उलटली तरी त्याने ती टेकडी ओलांडून पाहिली नव्हती. लोकांना मात्र तो बिनदिक्कत तिकडे पाठवत होता. पोस्टातली मेबल, न्हावी, चर्चचे पाद्री, पाद्रींचं गाणारं मंडळ, सगळ्यांना त्याने डावीकडे रवाना केलं होतं.

ही मंडळी परत आली की दुकानात डोकावून म्हणायची, "वेंडल, काय जागा सांगितलीस रे!" वेंडलला वाटायचं, टोमणा मारतायत. तो मान खाली घालून टायरशी बोलल्यासारखं हसायचा आणि म्हणायचा, "मग परत जा की." आणि ते परत जायचे! त्याला वाटायचं, काय चिवट माणसं आहेत, हार म्हणून मानत नाहीत. एकदा मेबलने तिकडच्या हकलबेरीचा, म्हणजे रानफळांचा, मुरांबा आणून दिला, तर सुडाने त्यात काहीतरी कालवलं असणार म्हणून त्याने ती बरणी गॅरेजात पेट्रोलच्या डब्यामागे ठेवून दिली. बायकोने, डार्लाने, ती शोधून चाटून पुसून संपवली आणि तिला काहीही झालं नाही, तरी त्याचा संशय गेला नाही.

आता लेकीचं, टेसचं, लग्न ठरलं होतं आणि घोडं अडलं होतं ते जागेवर. मुलाचे आईवडील, हार्लन आणि कॉन्स्टन्स लिंडक्विस्ट, बॉइझी शहरातले. कॉन्स्टन्सबाईंच्या मनात लग्न गोल्फ क्लबात करायचं होतं. पांढऱ्या खुर्च्या, बर्फाचा हंस, वगैरे. वेंडलच्या मनात होतं आपल्या जागेवर. तिथेच त्याने डार्लाला मागणी घातली होती. टेसलाही मनातून जंगलच हवं होतं, पण होणाऱ्या सासूसमोर तिचं तोंड उघडत नव्हतं. शेवटी वेंडलने छाती पुढे काढून जाहीर केलं की व्याह्यांनी एकदा माझ्या जागेवर मुक्काम करावा. नंतरही त्यांना गोल्फ क्लब हवा असला, तर मी स्वतः टाय बांधून येईन. टेसने बापाचा हात घट्ट दाबला. वेंडलने आयुष्यात टाय बांधला नव्हता, बापाच्या मयतालासुद्धा नाही. पोरीसाठी त्याने केवढं पणाला लावलंय हे तिला बरोबर कळलं.

ब्रायस, म्हणजे होणारा जावई, कामावर अडकला होता. म्हणून शनिवारी सकाळी पाचजण निघाले. वेंडलची सवय अशी की आपल्या जागेवर जाताना गावाबाहेर आधी उलट्या दिशेने जायचं, दोनदा वळायचं, मागे कोणी येत नाही ना बघायचं. कॉन्स्टन्सबाईंना गाडी लागली. तिसऱ्या फाटकाशी पोचेपर्यंत त्यांचा चेहरा पालकाच्या भाजीसारखा हिरवा झाला होता. मग उजवीकडचा रस्ता लागला. रस्ता म्हणजे काय, नुसते खड्डे होते, एकामागून एक, थेट वरपर्यंत.

"हीच जागा?" हार्लन खाली उतरून म्हणाले.

जागा उतरती होती. दगड होते. पाणी हवं तर खाली अर्धा डोंगर उतरून आणायचं. डासांचे थवे तर वाट बघत असल्यासारखे आले. वेंडलने प्रत्येक गोष्टीचा गुण सांगितला. उतार असल्यामुळे पावसाचं पाणी साचत नाही. दगडांमुळे पाठ ताठ राहते. डास आहेत याचा अर्थ हवा शुद्ध आहे. या उतारावर तंबूत झोपलं की पहाटे सगळं कुटुंब एका कोपऱ्यात गोळा झालेलं असतं, हे डार्लाने इतकी वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं. लग्नात पाहुण्यांच्या खुर्च्या कशा घसरतील, हे ती मनातल्या मनात बघत होती.

तेवढ्यात कॉन्स्टन्सबाईंनी हळूच टेसला बाथरूम कुठे आहे असं विचारलं. टेसने उत्तर द्यायच्या आत वेंडलने उत्साहाने त्यांच्या एका हातात फावडं दिलं आणि दुसऱ्या हातात कागदाची गुंडाळी. "वीतभर खोल खणा," तो म्हणाला, "आणि कागद मात्र परत आणा."

बाई फावड्याकडे बघत राहिल्या. मग झाडीत गेल्या. बऱ्याच वेळाने आल्या तेव्हा त्यांच्या केसांत पाइनच्या सुया होत्या आणि त्या फावडं सोडायला तयार नव्हत्या.

वेंडलने ठरवलं, आता यांना मागच्या कड्यावरून देखावा दाखवायचा, म्हणजे राग उतरेल. पण अस्वलांच्या मुलखात खाणं जमिनीवर सोडून जायचं नाही, हा त्याचा नियम. बीन्स, मांस, पाव, कॉफी, आणि कॉन्स्टन्सबाईंनी स्वतः भाजून आणलेला लिंबाचा केक, सगळं त्याने एका गोणीत भरलं. दोर उंच फांदीवरून टाकला आणि गोणी वर ओढली. केक वर जाताना बाईंनी मान वर केली. वेंडलने गाठ मारली आणि म्हणाला की ही गाठ अस्वलाच्या बापालाही सुटायची नाही.

गाठ खरंच चांगली होती. देखावा बघून मंडळी घामाघूम, डास चावून सुजलेली आणि भुकेने कासावीस होऊन परतली, तेव्हा ती गाठ वेंडललाही सुटेना. शेवटी त्याने ती चाकूने कापली. तर गोणी जागची हलेना. ती फांदीच्या बेचक्यात जाऊन फिट्ट बसली होती. वेंडलने दोर ओढला. मग वेंडल आणि हार्लन दोघांनी ओढला. मग वेंडलने दोर गाडीला बांधला आणि गाडी पुढे घेतली. दोर तुटला, त्याचं टोक सुर्रकन वर गेलं, आणि गोणी होती तिथेच हिंदकळत राहिली. गाडीच्या टपावर चढून त्याने फावडं फेकून मारलं. ते फावडंही वरच अडकलं.

"झालं," कॉन्स्टन्सबाई म्हणाल्या. "आता बाथरूमसुद्धा झाडावर गेली."

हार्लन आधी खोकले आणि मग त्यांनी तोंड फिरवलं. टेस रडायच्या बेतात होती. वेंडलला पहिल्यांदाच गळ्याभोवती टाय आवळल्यासारखा वाटला. आणि नेमका त्याच वेळी वारा फिरला. डावीकडच्या टेकडीपलीकडून तळलेल्या माशांचा वास आला. लोण्यात तळलेल्या ट्राउटचा, आणि सोबत खरपूस बेकनचा. कॉन्स्टन्सबाईंनी नाक वर केलं आणि त्या चालायलाच लागल्या.

वेंडल त्यांच्या आडवा गेला. पलीकडे दलदल होती. आणि वास येतोय म्हणजे त्याने थाप मारून तिकडे धाडलेलं कोणीतरी आत्ता तिथे जळवा उपटत बसलेलं होतं. ते लोक व्याह्यांच्या देखत त्याचं वस्त्रहरण करणार होते. त्याने बाईंना साप सांगितले. जळवा सांगितल्या. आपल्या वडिलांचा बूट सांगितला. भुकेल्या बाईला बुटाचं काय! डार्लाही त्यांच्यामागे निघाली, टेस निघाली, हार्लन तर धावतच सुटले. शेवटी वेंडल मान खाली घालून सगळ्यांच्या मागे टेकडी चढला.

वर पोचल्यावर सगळे थांबले. खाली हिरवंगार सपाट कुरण होतं. मधून ओढा, पाणी इतकं नितळ की वरून त्यातले गोटे दिसत होते. कडेने उंच लार्चची झाडं, रानफुलं, वारा असा की डासांचं नाव नाही. आणि त्या कुरणात हॅकमन्स फोर्ड गावातले निम्मे लोक तंबू टाकून बसले होते. पाद्री मासे तळत होते. मेबल खुर्चीत पाय पसरून बसली होती. गाणारं मंडळ तालीम करत होतं.

मेबलने वर पाहिलं आणि ओरडली, "अरे, वेंडल आला!"

सगळे उठले. वेंडल मागे सरकला. त्याला वाटलं, आता दगड येणार. पण लोक हात पसरून धावत आले. कोणी पाठीत धपका घातला, कोणी मिठी मारली. पाद्रींनी हातातल्या झाऱ्यासकट त्याला पुढे घेतलं आणि व्याह्यांना सांगितलं की या माणसासारखा दिलदार माणूस अख्ख्या प्रांतात नाही. आपल्या गावात स्वतःची जागा सख्ख्या भावाला कोणी सांगत नाही, आणि या वेंडलने ही जागा ज्याने विचारली त्याला खरीखरी सांगितली. वर स्वतः कधी आला नाही, दुसऱ्यांना अडचण नको म्हणून. कुरणाला आम्ही प्रुइटचं कुरण असंच म्हणतो.

वेंडलने डार्लाकडे पाहिलं. डार्लाने ओढ्याकडे पाहिलं, मग सपाट जमिनीकडे, मग त्याच्याकडे.

कॉन्स्टन्सबाईंच्या हातात ताट आलं. तीन ट्राउट पोटात गेल्यावर त्यांच्या चेहऱ्याचा रंग परत आला. त्यांनी कुरण नजरेने मोजलं आणि म्हणाल्या, "खुर्च्या ओढ्याच्या बाजूला लावू. हंस राहू दे, इथे वितळेल." टेसने त्यांच्या गळ्यात हात टाकले आणि मग बापाच्या. ती त्याच्या शर्टात तोंड खुपसून रडत होती. "बाबा, तू आधी का नाही आणलंस इथे?" ती विचारत होती. वेंडलने तिच्या डोक्यावर हात ठेवला. पोरीचं मनासारखं झालं याचा त्याला खरोखरच आनंद झाला होता.

तिच्या प्रश्नाचं उत्तर ऑरविलकडे होतं. ऑरविल म्हणजे त्याच्या वडिलांचा जुना दोस्त, नव्वदीला टेकलेला, कान अर्धे गेलेले पण दात शाबूत. तो एका लार्चला टेकून मासा खात होता. त्याने काट्याने वेंडलला जवळ बोलावलं आणि खोडावर बोट ठेवलं. सालीत खोल कोरलेलं होतं: रॉस प्रुइट. त्याखाली एका बुटाचं चित्र होतं.

"दर शरदात यायचा तुझा बाप इथे," ऑरविल म्हणाला. "तुला काय सांगायचा, टायर आणायला चाललोय म्हणून?"

टायर आणायला. वर्षातून एकदा, आठवडाभर, आणि परत येताना टायर कधीच नसायचे. वेंडलने बुटाच्या चित्रावरून बोट फिरवलं. "पण मला... मला त्यांनी सांगितलं की इथे दलदल आहे."

"सांगणारच," ऑरविल मान हलवत म्हणाला. "मी विचारलं होतं त्याला, पोराला तरी दाखव म्हणून. तर रॉस म्हणाला, बाकी कोणालाही सांग, पण वेंडलला नको. त्याला सांगितलं तर गावभर करेल."

वेंडलने मान वर केली. पाद्री होते, मेबल होती, न्हावी होता, गाणारं मंडळ होतं. ओढ्यापलीकडे आणखी तीन गाड्या नुकत्याच येऊन थांबत होत्या आणि त्यातला एकजण तिथूनच हात हलवून त्याचे आभार मानत होता.

वेंडलने त्याला हात केला, आणि ऑरविलने पुढे केलेल्या ताटातला मासा निमूटपणे खायला घेतला.