दिगूदादा आणि चांदी रंगाचं मशीन

दिगूदादा कुणाच्याही घरी गेले की पाण्याचा तांब्या येण्याआधी तिथला रंग खरवडतात. खुर्ची असो, दार असो, फ्रीज असो. खिशातलं नाणं काढायचं, कुणाला दिसणार नाही अशा कोपऱ्यात (हा त्यांचा समज) दोनदा घासायचं आणि एक डोळा मिटून बघायचं. "खाली काय हाय ते बघावं माणसानं," हे त्यांचं पालुपद. एका पुतण्याच्या लग्नात व्याह्यांनी दिलेलं नवं कपाट त्यांनी भर मांडवात खरवडलं आणि जाहीर केलं, "जुनं हाय. खाली निळा लागला." लग्न मोडलं नाही, पण ते व्याही अजून दिगूदादांशी बोलत नाहीत. आमचे एक चुलते केसांना कलप लावतात. दिगूदादा दिसले की ते डोक्यावर टोपी चढवतात.

दिगूदादा माझे मेहुणे, माझ्या बायकोचे, सुमनचे थोरले भाऊ. सुमन गेल्या श्रावणात गेली. तिच्या तेराव्याला पंगत बसलेली असताना हे आमच्या देवघराच्या चौकटीशी उकिडवे बसून नाणं घासत होते. माणसं बघत होती. मला मान वर करवेना.

"दादा, आजचा दिवस राहू द्या," मी जवळ जाऊन म्हणालो.

"बराबर हाय, दाजी." त्यांनी लगेच नाणं खिशात घातलं आणि मुकाट्याने अंगणात गेले. अंगणात लोखंडी फाटक होतं.

पुढे काही महिन्यांनी त्यांचा फोन आला. "दाजी, जरा तकलीफ देऊन राहिलो. कुरुंद्याला चला माझ्यासंगं. घावलं बहुतेक."

"काय घावलं?"

"मशीन. आबाचं."

आबा म्हणजे त्यांचे वडील. नरसीला देवदर्शनाला येणाऱ्यांच्या वाटेवर त्यांचं गोटी सोड्याचं दुकान होतं. त्या सोड्याचं मशीन म्हणजे एक लोखंडी पेटी. आत बाटल्या अडकवायच्या, गॅसची नळी जोडायची आणि दांडा धरून पेटी गरागरा फिरवायची. सुमनच्या लग्नानंतर आबा थकले, चांदी रंगाचं ते मशीन विकलं गेलं आणि या हातातून त्या हातात जात कुठल्या कुठे गेलं. दिगूदादा ते शोधत आहेत, हे मला त्या फोनपर्यंत माहीत नव्हतं.

कुरुंद्याच्या बाजारात करीमभाईंचा सोड्याचा गाडा होता. गाड्याशेजारी एक गुलाबी पेटी, वर पिवळी फुलं रंगवलेली आणि त्या फुलांवर लिंबांची टोपली. दिगूदादांनी नमस्कार-चमत्कार न करता नाणं लावलं.

"ओ काका! काहेकू खुरचते? दिवाली को तो रंग मारा मैं!"

"खाली काय हाय ते बघून राहिलो."

"खाली लोहा है. और क्या सोना रहनेवाला?"

भोवती माणसं जमली. "पुरातत्त्ववाले आले काय रे?" कुणीतरी विचारलं. "न्हाई, जप्तीवाले दिसतेत," दुसऱ्याने सांगितलं. मी शेजारच्या खतांच्या दुकानाची पाटी वाचू लागलो. संपली तेव्हा पुन्हा वाचली. दिगूदादा मात्र मोठमोठ्याने हिशेब देत होते, "गुलाबी गेला... निळा गेला... भगवा..." आणि एकदम ओरडले, "दाजी! चांदी! चांदी रंग लागला!"

मग ते तिथेच रस्त्यावर बसले. करीमभाईंचा राग उतरला. त्यांनी दिगूदादांना उठवून स्टुलावर बसवलं, हातात सोडा दिला. "पियो काका, पियो." पेटीचा दांडा जाम झालेला होता, करीमभाईंना ती फक्त लिंबं ठेवायला लागायची. दुसऱ्या दिवशी दिगूदादांनी स्वतःच्या घरातलं एक टेबल नेऊन दिलं आणि पेटी नरसीला आणली. टेबलाचे चारही कोपरे अर्थातच खरवडलेले होते.

त्यानंतर मी दर रविवारी हिंगोलीहून त्यांच्याकडे जाऊ लागलो. घरी बसून तरी काय करणार होतो? दादांनी दांड्यात तेल सोडून तो मोकळा केला. थिनर लावून गुलाबी, निळा, भगवा, एकेक रंग उतरवला. चांदी रंगाशी मात्र काम अडलं. रविवार जात होते आणि ते नुसतं फडक्याने पेटी पुसत होते.

"काढा की आता हाही," मी एकदा म्हणालो.

"काढतो." थोडं पुसून झाल्यावर, माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "दाजी, हा रंग म्या मारलेला हाय. तुमी सुमीला बघायला आले, त्याच्या आदल्या दिवशी. तुमी नोकरदार लोक, अन् आमी रस्त्यावरचे सोडावाले. म्या म्हणलं, सांगून टाकू की आमचा हळदीचा धंदा हाय, अन् हे हळद पॉलिश करायचं मशीन हाय. तुमच्या वडलांनी विचारलं बी, एवढ्याशा पेटीत हळद मावती किती?"

"तुम्ही म्हणालात, नमुन्यापुरती."

"ध्यानात हाय तुमच्या?" ते कसनुसं हसले. पुसणं थांबलं. "सुमीच्या हातात बाटली फुटली व्हती ना. डावा हात मनगटापस्तोर चिरला व्हता. तिला म्हणलो, त्यो हात पदराखाली ठेव. बाहीर काढू नको."

तो हात मला माहीत होता. घरात ती त्याच हाताने भाकरी थापायची, पण दारात पाऊल वाजलं की डावा हात पदराआड जायचा. आमच्या एकाही फोटोत तो नाही. दवाखान्यात शेवटीसुद्धा तो चादरीखाली होता. विचारलं की म्हणायची, सवय आहे.

दादांची मान खाली होती. त्यांना बरं वाटावं म्हणून मी बोललो. "दादा, अहो, आम्हाला तेव्हाच कळलं होतं. गॅसची नळी तशीच लोंबत होती पेटीला. आणि आमचे वडील तुमच्याच दुकानात कितीदा तरी सोडा प्यायलेले. परतताना बसमध्ये ते म्हणाले, पोरगी कष्टाची आहे, पदर सरकला तेव्हा हातावर खूण दिसली. ते झाकताहेत तर झाकू द्या, आपण कशाला लाजवायचं त्यांना."

दादा हसू लागले. "नळी! अन् म्या समदा दिवस नळीम्होरं उभा ऱ्हायलो!" हसता हसता ते थांबले.

"हात बी दिसला व्हता?"

"हो."

"मंग दाजी, तिला काहून न्हाई सांगितलं?"

आम्ही त्याला सभ्यपणा समजत होतो. तिला वाटेल तेव्हा ती सांगेल, असं मी धरून चाललो. आपल्या नवऱ्याला तो हात बघायचा नाही, असं कदाचित ती धरून चालली असेल. आता कुणाला विचारू?

फडकं खाली ठेवून दादाच म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. म्या तरी कवा म्हणलो, सुमे, झालं आता, काढ हात बाहीर? दिवाळीला यायची, राखीला यायची. दर टायमाला म्हणीन म्हणीन करत ऱ्हाऊन गेलं."

खाली लोखंडी पट्टी पडली होती. मी ती उचलली आणि डाव्या हाताने पेटीची कड धरून चांदी रंगावर लावली. दादांनी माझं मनगट धरलं. मला वाटलं, नको म्हणताहेत. त्यांनी खांद्यावरचा रुमाल ओढला, दातात धरून उभा फाडला आणि माझ्या डाव्या हाताला, बोटांपासून मनगटापर्यंत, घट्ट गुंडाळला.

"पत्र्याला धार हाय," ते म्हणाले.

मग ते समोर बसले आणि पेटी हलू नये म्हणून दोन्ही उघड्या हातांनी तिच्या कडा धरून राहिले.

"हं. घासा आता."