नासिरभाई फोटो पुसत नाहीत

नासिरभाईंनी नाव दिलेला फोटो पुसणं म्हणजे त्यांच्याशी वैर पत्करणं. नावंही साधी नसत. 'संत्रा-९-साहेबाले-पानं-कमी-वाटली', 'बोंडअळी-४-लयच-गोड-दिसते'. पातूरला दुकानांच्या पाट्या रंगवण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. फ्लेक्स आले, ब्रश सुटला, आणि ते अमरावतीत आमच्या तीन खोल्यांच्या कंपनीत अ‍ॅपचे फोटो सांभाळायला आले.

आम्ही शेतकऱ्यांसाठी सल्ल्याचं अ‍ॅप चालवत होतो. त्या वर्षांत वऱ्हाडात कापूस हातचा जात होता. शेतीवर उपाय सुचवणाऱ्यांचं पीक तेवढं जोमात होतं. आमचे सर उपाय म्हणून दर सोमवारी फोटो बदलायला लावत. शेतकरी हसरा हवा. पुढच्या सोमवारी जरा कमी हसरा. त्यानंतर बैल काढा, ट्रॅक्टर टाका. नासिरभाई मुकाट्याने बदलत, पण नव्या फोटोला नवं नाव देत आणि जुना सर्व्हरवर तसाच ठेवत.

"भाई, त्याच नावावर नवा फोटो चढवा ना," मी पुण्याहून शिकून आणलेलं ज्ञान पाजळायचो.

"इंजिनेर भाऊ, नाव तेच ठेवून मानूस बदलता येते काय?" ते म्हणायचे. "खेड्यातला मानूस अपडेट नाई मारत, नेटपॅक वाचवते. त्याचं जुनं अ‍ॅप जुन्याच नावानं फोटो मांगते. नाई भेटला त चौकोन खाली दिसते, कोराच."

मी हसायचो. इतकं जुनं अ‍ॅप कोण वापरतंय?

एका शनिवारी ते मोर्शीला लग्नाला गेले आणि मी डाव साधला. नव्या अ‍ॅपला न लागणारे सगळे फोटो पुसून टाकले आणि मोठ्या समाधानाने चहा प्यायलो.

सोमवारी मी भांडणाच्या तयारीत बसलो होतो. नासिरभाई धापा टाकत आले, पण भांडले नाहीत.

"फवारनी-१ कुठं हाय?"

मला आठवला तो फोटो. पाठीवर पंप, हातात मोजे, नाकातोंडावर घट्ट फडकं बांधलेला माणूस. सरांना तो दरोडेखोर वाटला होता. त्याच्या जागी त्यांनी उघड्या तोंडाने हसत फवारणी करणारा एक देखणा तरुण बसवला होता.

"छोट्याचा फोन जुना हाय," ते म्हणाले. छोटा म्हणजे पातूरचा त्यांचा धाकटा भाऊ. "त्याले वाचता येत नाई, फोटो पाहून करते. मांगच्या साली तोंड न बांधता तसाच फवारत होता, चार दिवस दवाखान्यात होता. आज त्याच्या बायकोचा फोन आला. चौकोन खाली हाय म्हने, अन् हा पंप घेऊन निंगाला."

"अहो, मग त्याला फोन करा ना!"

"तीन सालापासून बोलत नाई आमी. बांधावरून वाजलं." त्यांनी गळ्यात अडकवलेला पेनड्राइव्ह काढला. सगळे फोटो त्यात होते. दोन मिनिटांत 'फवारणी-१' जुन्या नावानिशी जागेवर गेला. मग त्यांनी भावाच्या बायकोला फोन केला. "फोटो आला पाहाय. पयत जाय वावरात, दाखव त्याले. माह्यं नाव नोको काढू."

आम्ही दोघं फोनकडे बघत बसलो. सर आले, आज ट्रॅक्टर लाल करा म्हणाले. कोणी ऐकलं नाही. मला स्वतःची भयंकर लाज वाटत होती.

वीसेक मिनिटांनी फोन वाजला. "बांधलं? बरं," एवढंच म्हणून त्यांनी तो ठेवला आणि डोळे पुसले.

तेव्हा मी पहिल्यांदा तो फोटो नीट पाहिला. तोंडावर हिरव्या चौकड्यांचं फडकं होतं. तसंच फडकं नासिरभाईंच्या खुर्चीवर रोज वाळत असायचं.

"भाई, हे तुम्ही आहात?"

"मंग? मॉडेल कोन आनून देते?"

"भावाला माहीत आहे?"

"तोंड झाकून हाय ना," नासिरभाई म्हणाले. "म्हनून त ऐकते माह्यं."