कर्नलसाहेबांची सरळ तलवार

तुमचा विश्वास बसणार नाही. माझ्या बायकोचाही बसलेला नाही, आणि ती तर तिथे हजर होती! पण घोडदळाची खरीखुरी तलवार मी या दोन हातांनी घडवली, घरामागच्या शेडमध्ये. अशी, की तिचा नुसता वारा लागून कुंपणावरचा वेल छाटला गेला!

मूळ दुखणं माझ्या व्याह्यांचं, म्हणजे मुलीच्या सासऱ्यांचं. ते घोडदळातले निवृत्त कर्नल आणि मी विम्याच्या कचेरीतला निवृत्त हेडक्लार्क. पहिल्याच भेटीत त्यांनी माझा हात हातात घेतला, भाजी निवडावी तसा उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, “व्याहीबुवा, या हातांनी काय काम करत होता?”

“सह्या,” मी म्हणालो.

हसले असते तर एक वेळ चाललं असतं! पण ते नुसतं “हं” म्हणाले. तो ‘हं’ अजून माझ्या कानात घरजावयासारखा मुक्काम ठोकून आहे.

त्यांच्या दिवाणखान्यात त्यांच्या आजोबांचा फोटो आहे. कमरेला सरळ पात्याची तलवार. ती तलवार कधीच हरवली, पण कर्नलसाहेब अजून हळहळतात. एकदा जेवणानंतर मी भरल्या पोटी बोलून बसलो, “तुमच्या वाढदिवसाला अश्शीच्या अश्शी तलवार मी स्वतः घडवून देतो!”

मग कर्नलसाहेब म्हणाले, “हं.”

झालं! आता माघार घेतली असती तर उरलेल्या आयुष्यात नाक फक्त चष्मा ठेवायलाच उपयोगी पडलं असतं. मी गॅरेजवर गेलो आणि ट्रकच्या स्प्रिंगचा जुना पोलादी पाटा मागितला.

“काका, गाडी कुठाय?” मिस्त्रीने विचारलं.

“गाडी नाही रे. तलवार करायचीय.”

तो जरा मागे सरकला. “काकूंना माहितीय?”

काकूंना कळलं ते त्यांचा हेअर ड्रायर भट्टीला भाता म्हणून लागला तेव्हा! पण मी मागे हटलो नाही. घण उचलला. पहिल्या घावाला ऐरण वीतभर जमिनीत रुतली. दुसऱ्या घावाला शेजारच्या वकीलबाईंचं बंद पडलेलं घड्याळ चालू झालं. आभार मानायला आल्या होत्या बिचाऱ्या! आवाज एवढा, की मी कानात कापसाचे बोळे घालून काम करायचो. बायको म्हणते, बोळे लग्नापासूनच आहेत.

होता होता पातं तयार झालं. सरळ! इतकं सरळ की फूटपट्टीने लाजून मान खाली घालावी. आता एकच काम उरलं होतं. पातं लालबुंद तापवायचं आणि झटक्यात तेलात बुडवायचं, म्हणजे ते कडक होतं. तेलातच हं! या पोलादाला पाणी सोसत नाही, ते वाकडं होतं. त्यासाठी मी पत्र्याचं लांबलचक पन्हाळ तेलाने भरून ठेवलं होतं.

वाढदिवस उजाडला. व्याही-विहीणबाई संध्याकाळी यायचे होते. मी सकाळीच भट्टी पेटवली. पातं तापलं. लोहचुंबक लावून पाहिला, चिकटेना. माणूस श्रीमंत झाला की त्याला जुनी ओळख चिकटत नाही ना, तसं. पोलाद पुरेसं तापल्याची हीच खूण, हीच ती वेळ! सांडशीत पातं धरून वळलो, तर पन्हाळ रिकामं! घासूनपुसून लख्ख!

“अगं, तेल कुठाय?”

“पाहुणे यायचेत, तो वास काय ठेवू घरात? दिलं ओतून डब्यात!” बायको स्वयंपाकघरातून ओरडली. एवढं बोळ्यांतून ऐकू आलं. पुढेही बरंच ओरडली, पण कानात बोळे!

पातं थंड होऊ लागलं. तेलाचा डबा होता बरणीएवढा, त्यात तलवारीचं टोकच बुडलं असतं, आणि तेल परत पन्हाळात ओतायला वेळ नव्हता. तलवार मावेल असं भांडं घरात एकच होतं, बाथरूममधला टब. वाकलं तर वाकलं! मी धावलो. तोंड काजळलेलं, अंगावर चामड्याचा एप्रन, हातात लाल तलवार. कुंपणापलीकडून वकीलबाई बोळ्यांतूनही ऐकू येईल अशा किंचाळल्या, “अहो, घटस्फोटाला कायदा आहे हो!”

स्वयंपाकघरात बायकोशेजारी विहीणबाई उभ्या दिसल्या. या इतक्या लवकर कशा, असा विचार मनात आला, पण पायांना कळवायला उशीर झाला. दोघी हात हलवत काहीतरी सांगत होत्या. मला वाटलं, शाबासकी देताहेत! बाथरूमला कडी नव्हती. पितळी होती म्हणून तलवारीच्या मुठीसाठी मीच उखडली होती. दार ढकललं, डोळे मिटले आणि पातं टबात खुपसलं.

चुर्र्र्र! वाफच वाफ! आरसा घामाघूम झाला. डोळे उघडतो तर टबाच्या दुसऱ्या टोकाला, डोक्यावर साबणाचा फेस घेतलेले, संध्याकाळऐवजी सकाळीच येऊन आंघोळीला बसलेले कर्नलसाहेब! लढाईत दोन पदकं मिळवलेला माणूस, पण अशी उडी त्याने शत्रूसमोरही मारली नसेल. थेट कपड्यांच्या टोपलीवर! तिथून टॉवेल ओढला आणि कमरेला धरला.

मी तलवार बाहेर काढली. सरळ पात्याचा विळा झाला होता.

काल जेवणाच्या टेबलावर ही हकीकत मी सगळ्यांना अगदी इथपर्यंत रंगवून सांगितली. जावई पोट धरून हसत होता. मग मी आवाज खाली आणला, “आणि मंडळी, कर्नलसाहेबांनी त्या वाकड्या पात्यावरून बोट फिरवलं. डोळ्यांत पाणी! म्हणाले, ‘व्याहीबुवा, हे हात सह्यांचे नाहीत, लोहाराचे आहेत!’ आणि तिथल्या तिथे, ओलेत्याने, मला कडक सॅल्यूट ठोकला!”

समोर बसलेल्या कर्नलसाहेबांनी चमचा खाली ठेवला.

“सॅल्यूट? अहो, हातरुमालाएवढा तो टॉवेल! तो धरायला दोन हात पुरत नव्हते, सॅल्यूटला तिसरा कुठून आणू?”